आयटीआय केलं की पुढचं शिक्षण बंद होतं का?

पत्र असं आहे:

‘मुलगी यंदा दहावी झाली. ७८ टक्के पडले. गणितात ६१, विज्ञानात ७४. तिला वीजतंत्रीचा आयटीआय करायचाय. मिक्सर, शेजाऱ्यांची इस्त्री, शेतातल्या मोटरीचा स्टार्टर, काहीही बिघडलं की हीच उघडून बसते. वर्गशिक्षक म्हणतात, एवढे गुण असताना आयटीआय कशाला, पॉलिटेक्निकला घाला. तिचे वडील म्हणतात, अकरावी सायन्स करू दे, म्हणजे इंजिनिअर होईल. दीर म्हणतात, आयटीआय केलं की पुढचं शिक्षण कायमचं बंद. मागे धाकटा मुलगा आहे, कर्ज काढायची आमची तयारी नाही. अर्ज कुठं भरू?’
— एक आई, सातारा जिल्हा

ताई, आधी काळजीचं बोलू. शेतातल्या मोटरीचा स्टार्टर मुलीला इतक्यात एकटीनं उघडू देऊ नका. तिथं तीन फेजचा ४१५ व्होल्टचा पुरवठा असतो. लाल बटण दाबून मोटर थांबवली तरी स्टार्टरच्या आत येणाऱ्या वायरींवर वीज असतेच. मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, मग टेस्ट लॅम्पनं तिन्ही फेज मेले आहेत ना ते बघायचं, आणि त्यानंतरच आत हात घालायचा. ऑटो स्विच बसवलेला असेल तर गेलेली लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. हे सगळं तिला शिकायचंच आहे, पण शिकवणारं माणूस शेजारी उभं असताना.

आता दिरांचं म्हणणं. ते खरं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पास झालं की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिथं दोन वर्षं काढली की डिप्लोमा. डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्याला सीईटी लागत नाही, डिप्लोमाला किमान ४५ टक्के असावे लागतात, राखीव प्रवर्गासाठी ४०. पुढे तीन वर्षं. म्हणजे दोन, दोन आणि तीन मिळून दहावीनंतर सात वर्षांनी पदवी. थेट डिप्लोमाला गेली तर तीन आणि तीन, सहा वर्षं. तिच्या वडिलांच्या मनात असलेल्या वाटेनं, म्हणजे अकरावी-बारावी आणि चार वर्षं इंजिनिअरिंग, तीही सहाच. सगळ्यात लांबच्या वाटेला एकच वर्ष जास्त लागतं, आणि त्या वाटेवर दुसऱ्याच वर्षी हातात एका कामाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र पडतं. मधे कुठं थांबावं लागलं, घरची अडचण आली, तरी ती रिकाम्या हातानं थांबत नाही. कर्ज न काढता शिकवायचं ठरवलेल्या घराला ही गोष्ट फार मोलाची आहे.

अर्थात ‘जाता येतं’ आणि ‘जमतं’ यांत अंतर आहे. ते अंतर गणिताचं आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय. त्याआधी या तीन ठिकाणी शिकवतात तरी काय वेगळं, ते एकाच वस्तूवर दाखवतो. स्टार-डेल्टा स्टार्टर घेऊ, कारण तो तिच्या ओळखीच्या स्टार्टरचाच मोठा भाऊ आहे.

मोठी मोटर थेट लाइनवर सुरू केली तर वेग घेईपर्यंत ती पूर्ण भाराच्या पाच-सात पट करंट ओढते. म्हणून आधी वाइंडिंग (मोटरीतली तारांची तीन वेटोळी) स्टारमध्ये, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक एकत्र बांधून, सुरू करतात आणि वेग आला की डेल्टात, म्हणजे त्रिकोणी जोडणीत, घेतात. पेटीत मेन, स्टार आणि डेल्टा असे तीन काँटॅक्टर (कॉइलला वीज दिली की आत ओढले जाणारे स्विच), एक टायमर आणि एक ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर थांबवणारा) असतो.

आयटीआयमध्ये ही पेटी मुलं स्वतः जोडतात. मोटरीतून सहा टोकं बाहेर आलेली असतात. मल्टिमीटर लावून कुठली दोन टोकं एकाच वाइंडिंगची आहेत ते शोधायचं, त्यांना नंबर घालायचे, वायर सोलायची, तिच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवायचा. सोलताना पातं तांब्याला लागलं तर तार तिथं अधू होते. बसवताना दोनदा वाकली की आतले धागे तुटतात, उरलेल्या धाग्यांवर भार येतो, जोड तापतो आणि सहा महिन्यांनी टर्मिनल काळं पडतं. बाहेरून सगळं नीट दिसत असतं. मग इंटरलॉक. स्टार आणि डेल्टा हे दोन काँटॅक्टर एकाच वेळी ओढले गेले तर तिन्ही फेज एकमेकांना भिडतात. म्हणून प्रत्येकाच्या कॉइलच्या वाटेत दुसऱ्याचा एन.सी. काँटॅक्ट (एरवी जोडलेला, काँटॅक्टर ओढला की तुटणारा) घालतात, एक आत असेल तर दुसऱ्याला कॉइलच मिळत नाही. चांगला निदेशक (वर्कशॉपचा शिक्षक) मोटर जोडूच देत नाही. आधी नुसतं कंट्रोल सर्किट चालवून दाखव म्हणतो. स्टार ओढला, टायमर संपला, स्टार सुटला, मग डेल्टा ओढला, हे ‘खट-खट’ चार वेळा कानांनी ऐकल्यावरच पॉवर.

डिप्लोमात हीच पेटी असते, पण प्रश्न असतो ‘का’. स्टारमध्ये वाइंडिंगला ४१५ ऐवजी साधारण २४० व्होल्ट मिळतात. त्यामुळे लाइनचा करंट थेट डेल्टाच्या मानानं एक तृतीयांश होतो. पण जोर, म्हणजे टॉर्क, तोही एक तृतीयांशच होतो. म्हणून भरलेला कन्व्हेअर अशा स्टार्टरवर उचलत नाही, आणि दोष मात्र वायरमनच्या माथी येतो. केबल किती जाडीची घ्यायची, ओव्हरलोड कुठं सेट करायचा (तो वाइंडिंगच्या वाटेत बसवला असेल तर पूर्ण भाराच्या करंटच्या ०.५८ पट), इस्टिमेट कसं काढायचं, हे डिप्लोमाचं काम. पदवीला त्याच मोटरीचं समतुल्य सर्किट मांडून, स्टारमधून डेल्टात जाताना करंटचा जो झटका बसतो त्याचं गणित करतात, आणि इथं हा स्टार्टर नकोच, ड्राइव्ह (मोटरीचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) घाला, असा निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा ते शिकतात.

हा स्टार्टरचा भाग मुलीला वाचायला द्या आणि ती कुठं थांबली ते बघा. तिचे डोळे आयटीआयच्या परिच्छेदावर चमकले तर ती स्वतःबद्दल बरोबर बोलते आहे. डिप्लोमाच्या परिच्छेदावर ‘एक तृतीयांश कसं काय?’ असं विचारून वही घेऊन बसली तर वर्गशिक्षकांचं ऐकायला हवं.

आयटीआयचा अभ्यासक्रम वर्षाला १,२०० तासांचा असतो. त्यातले ८४० तास नुसते प्रात्यक्षिकाचे. वीजतंत्रीची एक तुकडी २० जणांची. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. पास व्हायला प्रात्यक्षिकात ६० टक्के लागतात, बाकी विषयांत ३३. म्हणजे इथं हातानं काम येणं हीच खरी परीक्षा आहे. आता ही ८४० तासांची गोष्ट कागदावरच राहते असं काही संस्थांमध्ये होतं. निदेशकाची जागा रिकामी असते, साहित्य आलेलं नसतं, मुलं जर्नल उतरवत बसतात. म्हणून फॉर्मवर संस्थेचा नंबर टाकण्याआधी मुलीला घेऊन एकदा जाऊन या, आणि तासाच्या वेळीच जा. प्रवेशाचा माहितीफलक बघू नका, वर्कशॉप बघा. वीजतंत्रीला आत्ता कायम निदेशक आहे का, किती तुकड्यांमागे किती? मोटरी भिंतीला धूळ खात आहेत की टेबलावर उघडलेल्या आहेत? मेगर आणि अर्थ टेस्टर (इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासायची उपकरणं) कपाटात कुलपात आहेत की मुलांच्या हातात? वायरिंगच्या लाकडी बोर्डांवर स्क्रूची जुनी भोकं खूप दिसली तर आनंद माना, त्या बोर्डांवर खरंच काम झालेलं आहे. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा, ‘गेल्या आठवड्यात काय केलंस?’ तिनं कामाचं नाव सांगितलं, की समजा तिथं शिकवतात. मुलींच्या स्वच्छतागृहाची अवस्थाही बघा. हे बारीकसारीक नाही, याच कारणानं मुलींची हजेरी ८० टक्क्यांच्या खाली जाते.

खासगी आयटीआयही चांगले असतात, पण तिथं एक जास्तीचा प्रश्न विचारा: या ट्रेडच्या (म्हणजे वीजतंत्रीसारख्या अभ्यासक्रमाच्या), या तुकडीच्या मान्यतेनं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं का? संस्थेला मान्यता असणं वेगळं आणि त्या तुकडीला असणं वेगळं. ‘तीन महिन्यांत इलेक्ट्रिशियन, नोकरीची हमी’ असे जे वर्ग असतात, त्यांच्या कागदावर थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश मिळत नाही. एखादं कौशल्य वाढवायला ते ठीक, पाया घालायला नाहीत.

गणिताकडे येऊ. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात त्रिकोणमिती, लॉगरिदम, मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन होऊन जातं. आयटीआयमध्ये हिशेब आहे, टक्केवारी, क्षेत्रफळ, ओहमचा नियम, पॉवरची सूत्रं आहेत, पण कलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन, नाही. त्यामुळे आयटीआयचा हुशार मुलगा थेट दुसऱ्या वर्षाला जातो, प्रात्यक्षिकात सगळ्यांच्या पुढे असतो, आणि सर्किटच्या पेपरला मागे पडतो. एसी सर्किटमध्ये संमिश्र संख्या आल्या की फळ्यावरची दुसरी ओळ त्याला कळत नाही, कारण पहिली ओळ गेल्या वर्षी शिकवून झालेली असते. मग एटीकेटी, मग कंटाळा. त्याची बुद्धी कमी नसते, एका वर्षाचं गणित त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

यावरचा उपाय सोपा आहे, फक्त तो पहिल्या दिवसापासून करायचा. आयटीआयच्या दोन वर्षांत रोज अर्धा तास डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित करायचं. पुस्तक जुनंही चालेल. क्रम असा: पहिले चार महिने बीजगणिताची उजळणी, घातांक आणि लॉगरिदम. पुढचे चार महिने त्रिकोणमिती, कोनांच्या सूत्रांसह. मग मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्या. दुसऱ्या वर्षी पहिले सहा महिने डेरिव्हेटिव्ह, उरलेले सहा इंटिग्रेशन. आठवड्यातून एक दिवस घड्याळ लावून दहा गणितं. अडलं तर गावात डिप्लोमा झालेलं कुणी ना कुणी असतं. हे नेमानं केलं तर ६१ गुणांची मुलगी थेट दुसऱ्या वर्षाला घाबरणार नाही. केलं नाही तर ‘पुढे करू डिप्लोमा’ हे वाक्य हवेत राहील. हीच अडचण डिप्लोमातून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनाही येते. तिथं पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर हुकलेले असतात आणि समोर तिसरा येतो.

वडिलांची वाटही तपासून बघू, कारण ती मायेपोटीच सुचवलेली आहे. अकरावी सायन्सचा फायदा असा, की दिशा दोन वर्षं मोकळी राहते. नर्सिंग, फार्मसी, कृषी, शास्त्र शाखा, सगळं बारावी सायन्सवर मिळतं. आयटीआयच्या वाटेनं यातलं बरंच मिळत नाही. मुलीच्या मनात यांपैकी काही असेल तर सायन्सच घ्या, इथंच निर्णय संपला. पण मनात वीजच असेल तर बघा: इंजिनिअरिंगची सीईटी भौतिक, रसायन आणि गणिताची, २०० गुणांची, त्यातले निम्मे गुण गणिताचे. ६१ गुणांवरून तिथं पोचायला दोन वर्षं पुस्तकांत घालावी लागतील, बहुधा क्लासच्या फीसकट. आणि सीईटी साधली नाही तर बारावी सायन्सवर पुन्हा पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाच यायचं. म्हणजे आयटीआयवाली मुलगी जिथं पोचली असती तिथंच, फक्त गणित जास्त आणि हाताचं काम शून्य. जिला पुस्तकाची ओढ आहे तिला हा सौदा परवडतो. इस्त्री उघडून बसणाऱ्या मुलीला तो परवडेल असं वाटत नाही.

डिप्लोमाबद्दल वर्गशिक्षक जे म्हणतात त्यात तथ्य आहे. शासकीय तंत्रनिकेतनात, म्हणजे सरकारी पॉलिटेक्निकमध्ये, इलेक्ट्रिकलची जागा मिळाली तर ती नाकारण्याआधी दोनदा विचार करा. तीन वर्षांत कनिष्ठ अभियंत्याच्या दर्जाच्या जागांची पात्रता येते आणि पदवीची वाट रुंद राहते. भाषेची भीती असेल तर तंत्रशिक्षण मंडळानं मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्यायही आणलेला आहे. तो त्या संस्थेत खरोखर चालू आहे का ते विचारून घ्या. पण मिळणार ती जागा लांबच्या शहरातल्या खासगी पॉलिटेक्निकमध्ये, वसतिगृह आणि मेस वेगळी, आणि तिथली प्रयोगशाळा नावापुरती, असं असेल तर जवळचा शासकीय आयटीआय कितीतरी पटीनं बरा.

नोकरीच्या जाहिराती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वरची पदवी असली म्हणजे खालच्या जागेची पात्रता आपोआप येते असं नाही. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या भरतीला दहावीबरोबर वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं (वायरमनचं) प्रमाणपत्र मागतात. पदविका आणि पदवी शिकाऊ अभियंत्यांची भरती वेगळी असते. काही जागांना आयटीआयसोबत शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्रही विचारलेलं असू शकतं. रेल्वेच्या सहायक लोको पायलटला दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय चालतो, त्याऐवजी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा पदवीही चालते. म्हणून स्वप्न कुठल्या खुर्चीचं आहे ते ठरवून तिथली मागच्या भरतीची जाहिरात आजच मिळवा आणि ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना शब्दन् शब्द वाचा. विद्युत सहाय्यकाला लाइनवर, खांबावर चढावं लागतं, पावसाळ्यात रात्रीही. मुली ते काम करत आहेत. पण तिला हे आधी माहीत असायला हवं. तिची आवड पॅनेल आणि मोटरींची असेल तर कारखान्याची देखभाल किंवा वाइंडिंग हे जवळचं क्षेत्र आहे.

शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, आयटीआयनंतरची सगळ्यात दुर्लक्षित पायरी. १९६१ च्या कायद्यानुसार ती चालते. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे जागा असतात, मुलं शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीच करत नाहीत. आयटीआय झालेल्याला २०१९ च्या नियमांनी महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिलं. करार पोर्टलवर नोंदवलेला नसेल तर ते काम नुसतं स्वस्तातलं काम होतं आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा देता येत नाही. ‘आधी रुजू हो, कागद नंतर करू’ असं कुणी म्हणालं तर थांबा.

स्वतःचं काम करायचं म्हटलं तरी परवान्याची पायरी आहे. विजेच्या जोडणीची कामं परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि परवानाधारक माणसाच्या देखरेखीखालीच करायची असा नियम आहे. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. तो राज्याच्या परवाना मंडळाकडून वेगळा काढावा लागतो. परवान्याशिवाय केलेल्या कामात अपघात झाला तर सगळं अंगावर येतं.

आता प्रवेशाचं. आयटीआय म्हणजे कमी गुणांवाल्यांची जागा हा समज वीजतंत्रीच्या गुणवत्ता यादीपाशी गळून पडतो. शासकीय संस्थांत हा सगळ्यात मागणीचा ट्रेड आहे. ७८ टक्क्यांना पहिल्या फेरीत मिळेलच असं धरून चालू नका. मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचा आधार होईल. मागच्या वर्षी त्या संस्थेत मुलींची यादी कुठं थांबली ते संस्थेत विचारलं की सांगतात. विकल्प भरताना पहिला वीजतंत्री, दुसरा तारतंत्री ठेवा. तारतंत्रीत वायरिंग आणि लाइनचं काम जास्त, मशीन थोडी कमी, पण तोही दोन वर्षांचा आहे आणि पुढच्या वाटा तशाच उघड्या राहतात. वेल्डर म्हणजे संधाता, प्लंबर वगैरे ट्रेड एका वर्षाचे आहेत. थेट दुसऱ्या वर्षाचा विचार असेल तर ते भरू नका. हा फरक न कळल्यानं अडकलेली मुलं दरवर्षी दिसतात.

पहिल्या क्रमांकाच्या विकल्पात नीट विचार करा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. त्यामुळे ‘सहज म्हणून’ पहिल्या जागी काही टाकायचं नाही. आयटीआय, तंत्रनिकेतन आणि अकरावी या तिन्ही प्रक्रिया वेगळ्या आहेत, तिन्हीकडे अर्ज भरा, यात गैर काही नाही. फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो एकदा एका संस्थेत जमा झाला की परत काढायला हेलपाटे पडतात, म्हणून जागा पक्की होईपर्यंत मूळ कागद फक्त दाखवायचे, नकला द्यायच्या आणि पोच घ्यायची.

पैशाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) मिळालेल्या जागेला असते. संस्था स्तरावरची किंवा व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली तर ती जाते. खासगी महाविद्यालयाचा माणूस घरी येऊन ‘कॅपच्या भानगडीत पडू नका, मी थेट जागा देतो’ म्हणाला तर याचा अर्थ तीन वर्षांची पूर्ण फी तुमची. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्यानं जुलै २०२४ मध्ये घेतला. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत. तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम आणि संस्था त्या यादीत आहे का, ते सुविधा केंद्रात प्रवेश निश्चित करण्याआधी विचारा, नंतर नाही.

मग भरायचं काय? मुलीची ओढ, गणिताचे गुण आणि कर्ज न काढण्याचा तुमचा निर्धार बघता पहिली पसंती शासकीय आयटीआयमधला वीजतंत्री, आणि सोबत रोजचं अर्धा तास गणित. ही ठाम शिफारस आहे. एकाच गोष्टीनं ती बदलेल, आणि ती गोष्ट तुम्ही याच सुट्टीत तपासू शकता. डिप्लोमाच्या पहिल्या सत्राचं गणिताचं पुस्तक आणा. त्यातला लॉगरिदम आणि त्रिकोणमितीचा धडा तिनं दोन आठवडे, रोज एक तास करायचा. शेवटच्या दिवशी न बघता दहा गणितं. सहा किंवा जास्त सुटली, आणि मुख्य म्हणजे पुस्तक काढायला तिला रोज सांगावं लागलं नाही, तर शासकीय तंत्रनिकेतनाची जागा मिळत असल्यास डिप्लोमा पहिला ठेवा. चारच्या आत सुटली तर आयटीआयबद्दल मनात किंतू ठेवू नका. मधे अडकली तर तिला विचारा आणि ती म्हणेल तसं करा.

त्याच दोन आठवड्यांत तिला ओळखीच्या वाइंडिंगच्या दुकानात चार दुपार बसू द्या, हात न लावता, नुसतं बघायला. जळक्या वाइंडिंगचा वास, वॉर्निश, दिवसभर उभं राहणं आणि गिऱ्हाइकाची घाई, हे बघूनही पाचव्या दिवशी तिनं ‘जाऊ का?’ विचारलं तर तिच्या काकांना वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर, अधिवासाचा दाखला, यांसाठी सेतू केंद्रात उद्याच जा. निकाल लागल्यापासून तिथल्या रांगा वाढत जातात आणि मुदत कुणासाठी थांबत नाही. आधार, गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला यांवर मुलीचं आणि तुमचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना तेही बघून ठेवा. एका वेलांटीसाठी अर्ज त्रुटीत जातो आणि ती दुरुस्त होईपर्यंत फेरी संपलेली असते.